खोबऱ्या आंब्याचं लाकूड

१९ जानेवारी
खोबऱ्या पाडला. साडेआठला पहिला घाव, सव्वाअकराला आडवा. अंगभर मोहर होता. परसात पाय ठेवायला जागा नाही. मधमाश्या दिवस मावळेपर्यंत पडलेल्या फांद्यांवरच होत्या, त्यांना कुणी कळवलं नसावं.

पाडायला कुंडलचे दोघे भाऊ आले होते. मशीनची करवत आणली होती. अण्णांनी पडवीतल्या बाजेवरूनच ती परत गाडीत ठेवायला लावली. "कुऱ्हाडीनं जमत आसंल तर पाडा, न्हाईतर चा पिऊन जावा." वडील शहाऐंशीचे. दसऱ्याला खुबा मोडल्यापासून उठता येत नाही, आवाज मात्र अजून परेडवरचा. दोघांनी मुकाट्याने कुऱ्हाडी घेतल्या.

मी आधीच म्हणालो होतो, मोहरावर कशाला, आंबे उतरवून मेमध्ये पाडू. "मेमधी पाडून पावसात वाळंल व्हय रं? बत्तीस वर्सं बॉयलरवर काय केलंस?"

बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काय केलं ते मला ठाऊक आहे. ही वहीसुद्धा तिथलीच, लॉगबुकाची. निवृत्तीच्या दिवशी स्टोअरवाल्याने हार घातला आणि कोऱ्या वह्या दिल्या. हार दोन दिवसांत सुकला.

२० जानेवारी
अण्णांचा हुकूम, जसा झाला तसा. पाडायला परका हात चालतो, फोडायला घरचाच पाहिजे. मशीन नाही, कारण मशीनला तेल असतं आणि ते लाकडाला लागतं. पावसाच्या आत सगळं पत्र्याखाली रचून झालं पाहिजे. आणि हे सगळं त्यांच्या सरणासाठी.

"तुज्या आईला टायर टाकून जाळलं. मला तेलाचा वास नको."

हे चहा पिताना सांगितलं, सुमनसमोर. माझी बायको उठली. बशी उचलून आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

घरचा हात म्हणजे माझा. घरचा दुसरा हात कोइमतूरला आहे. दादा सोळाव्या वर्षी विट्याच्या गलाईवाल्याबरोबर सोनं गाळायला गेला, तो आता दिवाळीला आणि मयतीला येतो. त्याच्या हाताला कुऱ्हाड सांगणार कोण?

२३ जानेवारी
फांद्या छाटून झाल्या. पाला शेजारच्या शेळ्यांना. बारीक काटक्या चुलीच्या खोलीत. आता मोठं अंग उरलं. बुंधा माझ्या कवेत मावत नाही. सुमनने पलीकडून हात घातले तेव्हा कुठे बोटाला बोट लागलं.

दोन माणसांची करवत माळ्यावरून काढली, कानस मारली. दुसरं टोक धरायला कोण? सुमन. ओढायचं, ढकलायचं नाही, हे तिला एकदाच सांगावं लागलं. मला तीनदा.

म्हणाली, "जित्या मानसाला वेळेवर पानी द्यायला हितं कुनी न्हाई, आन मेल्यावरच्या लाकडाला दोन-दोन गडी."
"तूच देतेस की पाणी."
"तेच म्हंते मी."

दिवसभरात एक ओंडका. खांदा गेला.

२ फेब्रुवारी
दादाचा फोन, व्हिडिओवर. आधी अण्णांना दाखव, मग झाड दाखव म्हणाला. दाखवलं. पडलेलं झाड फोनात फारच लहान दिसतं.

मग मला म्हणाला, "आरं, सांगलीत इजेची दाहिनी हाय. एवढा कुटाना कशाला करतोस? न्हाईतर मशीनवाला लाव, एका दिवसात खेळ खलास. मी बघतो काय आसंल ते."
"अण्णांना सांग."
"मी कसं सांगू?"
बरोबर आहे. अण्णांना तो काही सांगत नाही, अण्णाही त्याला काही सांगत नाहीत. दोघांचं मधलं सगळं माझ्या अंगावरून जातं.

दादा वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं.

११ फेब्रुवारी
ओंडके नऊ. फोडायला सुरुवात. गाठी टाळून, टोकाला जिथे उभी भेग दिसते तिथे पाचर ठेवायची, वरून घण. ओल्या आंब्याला पाचर गिळायची खोड आहे. आज दोन गिळल्या. तिसरी ठोकून पहिल्या दोन काढल्या.

रस्त्याने जाणारा प्रत्येक जण कुंपणाशी थांबतो. आज सोसायटीचा जुना सचिव: "काय रं गड्या, चुलीला का अण्णास्नी?" म्हणालो, बघू, आधी जो मागेल त्याला. हसला आणि लगबगीने गेला. त्याचंही वय झालंय.

बायका सुमनला विचारतात, जिवंत सासऱ्याचं सरण फोडताना काही वाटत नाही का? सुमन सांगते, वाटतं, कंबरेत.

२६ फेब्रुवारी
अण्णांना रोज संध्याकाळी रिपोर्ट लागतो. "रिपोर्ट?" म्हणतात, फौजेतल्यासारखं. किती फोडलं, किती रचलं. मग म्हणतात, "वाजीव बघू."

म्हणजे थप्पीतली दोन लाकडं घेऊन पडवीच्या पायरीशी एकमेकांवर हाणायची. ओलं लाकूड बद्द वाजतं, वाळलं की टण्. हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं, चुलीसाठी. बॉयलरवर बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, ओल मोजायला यंत्र होतं. अण्णांना कान आहे.

आज बद्द. बद्दच असणार, महिना झालाय. अण्णांनी मान हलवली आणि डोळे मिटले. नाराज वाटले नाहीत. उलट मला वाटलं जरा निश्चिंत झाले.

६ मार्च
हाताला फोड, फोडाखाली फोड. सु.ने तेल-हळद लावली. अण्णा बघत होते. म्हणाले, "लाकडाचा फाळ बरा पडतो तुजा." साठी उलटल्यावर बापाचा पहिला चांगला शब्द, तोही कुऱ्हाडीच्या निमित्ताने. तरी बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. लाज वाटते, पण वाटलं.

१८ मार्च
सहा तारखेला बरं वाटलं होतं त्याचं हे फळ.

आज पाय चेपून देत होतो. अण्णा आपले आपण बोलू लागले. अमुक जागी न्यायचं, फटाके नको, भजनवाले नको. मग म्हणाले, "आन थोरला येईस्तवर उचलायचं न्हाई. किती का वेळ लागंना."

मी पाय चेपायचा थांबलो. ते वाट बघत राहिले. मी उठून हात धुतले.

काम बंद.

२४ मार्च
काम बंद. कुऱ्हाड सु.ने आत ठेवली. संध्याकाळी "रिपोर्ट?" आला. उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं नाही.

२७ मार्च
हे कुठेतरी लिहिलंच पाहिजे, नाहीतर मीच विसरेन की रागाला कारण काय.

आमच्यात बापाला थोरल्याने अग्नी द्यायचा, आईला धाकट्याने. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. गेल्या आषाढात आई गेली, मध्यरात्री. दादा कोइमतूरहून निघाला. आठ वाजता ऊन होतं. लोक म्हणाले उचला, धाकटा इथंच हाय. अण्णा म्हणाले, थांबा. दहा, बारा, दोन. तीनला आभाळ भरलं. चारला दादाची गाडी आली आणि तिच्या मागून पाऊस.

विस्तवाचं मडकं माझ्या हातात होतं. घरापासून ओढ्यापर्यंत मीच नेलं. स्मशानात अण्णा काठी टेकत पुढे आले, माझ्या हातातून मडकं काढून घेतलं आणि दादाकडे दिलं. दोनशे माणसांसमोर. का, ते आजपर्यंत सांगितलं नाही. दादा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "अण्णा, ह्याचा मान हाय." अण्णा म्हणाले, "धर."

लाकूड भिजलेलं. पेटलं नाही. पुढे डिझेल आलं, टायर आले. ओढ्यावर काळा धूर.

आता त्याच हाताने ह्यांचं सरण फोडायचं. तेही दादासाठी.

३० मार्च
पाडवा. गुढी सु.ने उभारली. मी परसात गेलो तर न फोडलेल्या ओंडक्यांतून भुसा गळतोय. भुंगा लागला. अजून महिनाभर असेच पडले तर आतून पोखरून पीठ होईल.

तास दीड तास बघत बसलो. मग कुऱ्हाड आणली. लाकडाने माझं काय वाकडं केलंय?

अण्णांना आवाज ऐकू गेला असणारच. संध्याकाळी, "रिपोर्ट?"
"चार ओंडके."
"बरं."
झालं. बारा दिवसांचं भांडण दोन वाक्यांत मिटवायची ह्यांची पद्धत. मिटलं नाही.

२१ मे
यंदा मेमध्येच पाऊस. दुपारी अचानक. थप्पीवर अर्धाच पत्रा होता. मी आणि सु. ताडपत्री घेऊन धावलो. अण्णा बाजेवरून ओरडत होते, वरचा कोपरा, खालचा कोपरा, दगड ठेव, दगड. भिजलो दोघंही, लाकूड वाचलं. विटांवर रचलंय, खालून हवा खेळते, दोन थरांत बोटभर फट. असं रचलेलं लाकूड बघून माझा जुना फोरमन खूश झाला असता.

फक्त बुंधा उरलाय. त्याच्या मुळ्यांपाशी सगळी नस पिरगळलेली. पाचर ठरत नाही. राहू दे.

वाजवलं. टण् म्हणता येणार नाही, पण बद्दही नाही.

२४ जून
टण्. चारही बाजूंची काढून वाजवली, सगळीकडे टण्. अण्णांनी थप्पीकडे बघितलं. मग म्हणाले, "झालं म्हन की मग." आणि जेवले नाहीत.

सु. म्हणाली, "आता काय वाट बघत बसायची व्हय?" मी म्हणालो, गप बस. पण मीही तेच म्हणत होतो मनात.

१२ जुलै
आईचं वर्षश्राद्ध. दादा आला नाही, तिकडे दुकानाची काहीतरी तपासणी. कावळ्याला घास मी ठेवला. कावळा लगेच आला. आई कधी कुणाला ताटकळत ठेवायची नाही.

एक नोंद राहिली होती. सत्तावीस मार्चच्या नोंदीत मुद्दाम गाळली. आज करतो.

आईचं सरण रचलं तेव्हाच मला दिसत होतं की पेटणार नाही. मोठी लाकडं खाली गच्च लावली होती, मध्ये फट नाही, वाऱ्याच्या बाजूला तोंड नाही. ओलं लाकूडसुद्धा पेटतं, हवा मिळाली तर. आठ-दहा लाकडं उपसून पुन्हा लावायची, एवढंच. बत्तीस वर्षं मी तेच केलं. पावसात भिजलेल्या बगॅसवर मी वाफ धरून ठेवली आहे.

मी बोललो नाही. हाताची घडी घालून उभा राहिलो. मडकं दिलंय ना दादाला, मग पेटवू दे त्याला. असं मनात म्हणालो. आई समोर होती आणि मी असं म्हणालो. टायर येईपर्यंत उभा राहिलो, टायर आल्यावरही.

हे सु.लाही सांगितलेलं नाही.

१६ जुलै
पलीकडच्या आळीतल्या हौसाकाकू गेल्या. आईची मैत्रीण, जात्यापासूनची. पाच दिवस झड आहे, थांबायचं नाव नाही. दुपारी त्यांची लेक कमल दारात आली. शिराळ्याला दिलेली, काकूंना तिच्याशिवाय कुणी नाही. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, पायाला चिखल.

"भाऊ, वखारीत सगळं भिजलंय. तुमच्यात कोरडं हाय म्हनत्यात लोक." पुढे तिला म्हणवेना. कुणाचं लाकूड आहे ते गावाला माहीत आहे.

सरणाच्या लाकडाला नाही म्हणत नाहीत. मी अण्णांकडे बघितलं नाही. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते किंवा नाही, आणि मला दोन्ही नको होतं. म्हणालो, ट्रॉली आण.

अर्ध्याहून जास्त गेलं. सु. आणि मी भरलं. पडवीसमोरूनच ट्रॉली गेली. अण्णा बघत होते. हाक मारली नाही.

सरण मी रचलं. कुणाला हात लावू दिला नाही. खाली आडवी, बोटभर फट, वाऱ्याकडे तोंड, बारीक ढलप्या पोटात. शेडचा पत्रा गळत होता, तरी. मडकं कमलनेच घेतलं. पुतण्या आहे लांबचा, पण त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, आणि पावसात वाद घालायला कुणाला वेळ नव्हता. एका काडीत पेटलं. ज्वाळा सरळ वर. धूर पांढरा.

लोक म्हणाले, वा. मी ओढ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

१८ जुलै
अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी मी त्यांची दाढी करत होतो, तेव्हा विचारलं.
"पेटलं का?"
"एका काडीत."
गालावर साबण तसाच. छताकडे बघत होते. "तुज्या आईला असं मिळाया पायजे हुतं," म्हणाले.
वस्तरा हातात होता म्हणून मी काही बोललो नाही.

२९ जुलै
नागपंचमी. आज कापायचं नाही, चिरायचं नाही, खणायचं नाही. सु.ने दिंडं उकडली. कुऱ्हाड कोपऱ्यात. दिवसभर रिकामा हात, त्यामुळे बाजेजवळ बसलो. नसतो बसलो तर बरं झालं असतं, किंवा नसतं.

अण्णा म्हणाले, "एक इचारू?"
"विचारा."
"त्या दिशी तू गप का उभा हुतास?"
मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.
"बॉयलरवाला माझा ल्योक. आन आईच्या सरनाला टायर. मी बघत हुतो तुज्याकडं. आता म्होरं हुईल, मग म्होरं हुईल. तू हलला न्हाईस."
"मडकं काढून घेतलंत तुमी माझ्या हातातनं."
"घेतलं."
"का घेतलं?"
त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. "थोरला दिवसभर गाडीत रडत आला हुता. त्येला कायतरी द्यावं वाटलं. दुसरं काय हुतं हातात? तुज्याकडं समदंच हाय म्हनलं. आई तुज्यापाशी, मी तुज्यापाशी." मग, "चुकलं माझं. आता तुजं सांग."
मी सांगितलं. घडी घातलेल्या हातांचं, मनात काय म्हणालो त्याचं. सगळं.
माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही. म्हणाले, "म्हनून तुलाच फोडाया लावलं."

म्हणजे शिक्षा होती. जानेवारीपासून मी शिक्षा भोगतोय आणि मला वाटत होतं सेवा करतोय. संताप आला. दिंडाची ताटली बाजूला सारली. मग वाटलं, शिक्षा तरी त्यांनी मलाच दिली, दादाला नाही. ह्यात बरं वाटण्यासारखं काय आहे कळत नाही, पण वाटलं.

३ ऑगस्ट
पाऊस उघडला. अण्णांनी हिशेब मांडला: उरलेल्यात माणूस जळत नाही, बुंधा फोडावा लागेल. "अर्ध्यात ठेवशील मला."

पिरगळलेल्या नसेत पाचर ठरत नाही म्हणून कडेने सोलत निघालो, भाकरीचा पापुद्रा काढावा तसा. दिवसाला चार-पाच तुकडे. सु. म्हणाली, "आता कुनाच्या रागानं फोडताय?" विचार केला. सांगता आलं नाही.

२० ऑगस्ट
बुंधा संपला. खाली मातीत गोल काळा डाग उरलाय, ओलसर. खोबऱ्या एवढाच होता. बुंध्याचे तुकडे वेगळे रचले, दोन थर. पाऊस प्यायलेलं लाकूड. वाजवलं: बद्द. चिखलावर चप्पल आपटावी तसं.

१४ सप्टेंबर
अण्णांना धाप. पलूसहून डॉक्टर आले, छाती ऐकली, बाहेर येऊन म्हणाले, वय आहे, लांबच्यांना कळवून ठेवा.

आत गेलो. अण्णांना सगळं ऐकू जातं.
"काय म्हनला?"
"औषध बदललंय."
"थोरल्याला बोलवाया सांगितलं आसंल."
मी गोळ्यांचं पाकीट उघडलं.
"आत्ता नगं. लाकूड वाळू दे. बुंध्याचं वाळलं का मग बोलव त्येला." जरा थांबून, "तंवर मी हाय."

फौजेतला हवालदार माणूस. हुकूम आला की तोवर पोस्ट सोडायची नाही. फक्त हा हुकूम त्यांनी स्वतःलाच दिलाय.

अग्नी कोण देणार, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. नागपंचमीनंतर "थोरला येईस्तवर" हे शब्द पुन्हा आले नाहीत. पण "बोलव त्येला" आलं.

२५ सप्टेंबर
दादाचा फोन. "अण्णांचा आवाज बारीक वाटतोय रं. निघू का?"
"नको. म्हणाले लाकूड वाळल्यावर."
"म्हणजे?"
म्हणजे काय ते मी कोइमतूरला फोनवर कसं सांगणार?
"मी सांगतो तेव्हा नीघ," म्हणालो. म्हणाला, "तू सांगशील ना?" असं त्याने आजवर विचारलं नव्हतं.

संध्याकाळी वाजवलं. बद्द. अण्णांनी दोन घास जास्त खाल्ले.

९ ऑक्टोबर
आठ दिवस कडक ऊन. झाडाझुडपांतून कोरडा वारा. असल्या हवेत काय होतं ते सांगायला बॉयलरवाला लागत नाही.

अण्णा आता बोलत नाहीत फारसे. पाणी चमच्याने. पण संध्याकाळ झाली की डोळे थप्पीकडे. ओठ हलले: "वाजीव."

बुंध्याच्या थप्पीतली वरची दोन उचलली. हलकी लागली. पाठ करून हळूच, माझ्यापुरती वाजवली.

टण्. स्वच्छ.

ती परत ठेवली. गुडघ्यावर बसून खालच्या थरात हात घातला. विटेला चिकटून ओल धरलेली दोन होती, साल अजून सुटलेली नाही. ती काढली आणि पायरीशी येऊन जोराने हाणली.

अण्णा ऐकत होते. "वलं हाय," म्हणाले.
"व्हय अण्णा. अजून वलंच हाय."
"मंग थोरल्याला नगं आज."
"न्हाई सांगत."
डोळे मिटले. श्वास चालू होता, मी मोजला.

सु. दारात उभी होती. तिने वरची दोन वाजवलेली ऐकली होती. मला वाटलं विचारेल, दादा येऊ नये म्हणून केलं का अण्णा जाऊ नयेत म्हणून. विचारलं नाही. चांगलं झालं, कारण दोन्ही खरं आहे आणि कुठलं जास्त ते मला या वहीतही लिहिता येत नाही.

उद्या पुन्हा वाजवायला सांगतील. खालची ती दोन लाकडं थप्पीत परत ठेवली नाहीत. पत्र्याच्या बाहेर, गवतावर ठेवली आहेत, दव पडेल अशी.